पाईगोरोची माती

“चाक कुठं आहे?” मी विचारलं.

दांजुमानं ते आपल्या आईला सांगितलं. ती हसली, आणि स्वतःच्या पायांकडे बोट दाखवून पुन्हा कामाला लागली. जमिनीवर एक जुनं मडकं पालथं घातलेलं होतं आणि त्यावर नव्या मडक्याचं बूड बसवलेलं होतं. एक हात आत, एक बाहेर, अशी ती त्याच्याभोवती उलट्या पावलांनी गोल फिरत होती. मडकं जागचं हलत नव्हतं. ती फिरत होती आणि मडकं वर चढत होतं.

मी बघतच राहिले. मी कुंभाराची मुलगी, कुंभाराच्या घरात दिलेली. आमच्यात बायका माती चाळतात, तुडवतात, मडकी वाळवतात, पाणी भरतात, आव्याच्या भट्टीला सरपण आणतात. पण चाकाला हात लावत नाहीत. लहानपणी एकदा मी चाक फिरवून पाहिलं होतं, तेव्हा आज्यानं माझ्या हातावर फोक मारला होता. इथं चाकच नव्हतं. ही बाई स्वतःच चाक झाली होती.

“मग तुमच्यात पुरुष काय करतात?” मी दांजुमाला विचारलं.

“शेती करतात, मादाम,” तो म्हणाला. “आणि हल्ली सरकारची साखळी ओढतात.”

ही १९८० सालच्या जानेवारीतली गोष्ट. नायजेरियाची नवी राजधानी त्या वर्षी बहुतेक कागदावरच होती. माझे यजमान पाटबंधारे खात्यातले सर्व्हेअर. दोन वर्षांच्या करारावर ते तिकडे गेले, आणि शेवटच्या वर्षी मीही गेले. मी सांगलीला नकाशे काढण्याचा कोर्स केलेला होता, अक्षर चांगलं होतं, म्हणून कॅम्पातल्या ड्रॉइंगच्या शेडमध्ये मलाही काम मिळालं. सर्व्हेवाले दिवसभर रानात मोजमाप करून पेन्सिलीचे कागद आणायचे. मी ते ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायची. त्याच्या निळ्या रेषांच्या प्रती, अमोनिया प्रिंट, निघायच्या आणि सगळ्या खात्यांना, सगळ्या ठेकेदारांना जायच्या.

आल्या आल्याच यजमानांनी भिंतीवरच्या नकाशासमोर मला उभं करून समजावलं होतं. “हे बघ शालन. आत्ताची राजधानी लागोस, ही अशी पार कोपऱ्यात, समुद्राला चिकटलेली. तिथं पाय ठेवायला जागा नाही. आणि या देशात तीन मोठ्या जमाती, तिघींचं एकमेकींशी पटत नाही. म्हणून देशाच्या मधोमध, दोन मोठ्या नद्या मिळतात त्याच्या वरच्या अंगाला, कुणाचीच नाही अशी आठ हजार चौरस किलोमीटर जमीन काढून घेतली. हा राजधानीचा मुलूख. कुठल्याही राज्यात नाही.”

“कुणाचीच नाही म्हणजे? लोक नाहीत तिथं?”

“आहेत की. आपला दांजुमा तिथलाच.”

दांजुमा यजमानांच्या सर्व्हेच्या तुकडीत मोजणीची साखळी धरायचा आणि दुर्बिणीसमोर मापाची पट्टी घेऊन उभा राहायचा. तिशीचा असेल. मिशनच्या शाळेत शिकलेला, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. त्याची माणसं ग्बाग्यी. तो मुलूख त्यांचाच; उघड्या काळ्या खडकांचे प्रचंड डोंगर, मध्ये गवताळ माळ, ओढ्याओढ्यांच्या काठानं दाट झाडी आणि झाडीजवळ गोल भिंतींची, गवताच्या छपरांची गावं. जमीन पन्हाळ्याच्या वाटेवरच्यासारखी तांबडी. डोळे मिटून वास घेतला तर वाटावं, आपण आपल्याच माळावर उभे आहोत.

“रेडिओवर सांगतात, तिथं कुणी राहत नाही,” दांजुमा एकदा म्हणाला होता. “आणि तिथं किती घरं आहेत ते मोजायला मला पगार देतात.”

पहिल्या टप्प्यात जी गावं येत होती त्यांना हलवायचं ठरलं होतं. दांजुमाचं पाईगोरो हद्दीच्या जरासं बाहेर होतं. सरकारला ती जागा लागेपर्यंत त्यांनी तिथं राहावं, असा हुकूम होता. जागा कधी लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

कॅम्पात पाण्याला पत्र्याची पिंपं. दुपारी त्यातलं पाणी चहासारखं तापायचं. माठ हवा म्हणून मी त्या दिवशी पाईगोरोला गेले होते. मग जातच राहिले. कॅम्पापासून ओढ्याच्या कडेनं अर्ध्या तासाची पायवाट. दांजुमाच्या आईचं नाव लराबा. मला तिची ग्बाग्यी भाषा कळायची नाही, पण हौसा ही तिकडची व्यवहाराची भाषा मी बाजारापुरती शिकले होते आणि तिलाही हौसा येत होती, तेवढ्यावर आमचं भागायचं. ती मला ‘बातुरिया’ म्हणायची. म्हणजे गोरी बाई. माझा रंग कसा आहे ते मला ठाऊक आहे. जन्मात मला गोरी म्हणणारी ती पहिलीच.

एकदा तिच्या अंगणातली मातीची टोपली मी उचलून डोक्यावर घेतली. ती धावत आली आणि टोपली हिसकावून तिनं स्वतःच्या खांद्यावर ठेवली, मानेला टेकवून. त्यांच्यातल्या बायका पाणी, सरपण, सगळं खांद्यावरूनच नेतात.

“डोकं ओझ्यासाठी नसतं,” ती रागावून म्हणाली.

“आमच्याकडं डोक्यावरच घेतात.”

“म्हणून तू एवढी बुटकी राहिलीस.”

मी तिच्या मातीत हात घालायची. करडी, लोण्यासारखी, खडा म्हणून नाही. बोटाला गुंडाळली तर चीर पडत नव्हती. माझ्या वडिलांना अशी माती मिळाली असती तर त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं असतं. मी तिला म्हटलं, “ही कुठून आणतेस?” तर ती काहीतरी दुसरंच बोलायला लागली. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, तिनं माझा हात धरला आणि मला घेऊन निघाली.

आम्ही दोघीच होतो. वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्यानं हवा धुळीनं भरलेली, सूर्य थाळीसारखा पांढरा. ओढ्याच्या पलीकडे बोरूच्या बेटात ती शिरली, आडव्या टाकलेल्या फांद्या बाजूला केल्या, आणि समोर माती काढायची खाच होती. चार माणसं उतरतील एवढी. लराबा आधी वाकली, मातीला काहीतरी म्हणाली, मग उतरली. उजव्या बाजूनंच खणायचं, डावी बाजू विश्रांतीला ठेवायची, पुढच्या वर्षी उलट. तिच्या आईची आईही इथंच खणत होती. खाच किती खोल जाते असं मी विचारलं तेव्हा तिनं एक लांब काठी माझ्या हातात दिली. काठी दोन पुरुष खोल गेली तरी मऊच लागत होतं.

वर आल्यावर मी तिला म्हटलं, “मी हे कागदावर लिहिते. मग सरकार इथं हात लावणार नाही.”

“आ-आ,” ती म्हणाली. नाही.

मी पुन्हा समजावू लागले. तिनं मातीचं ओलं बोट माझ्या ओठांवर आडवं ठेवलं आणि बराच वेळ तसंच धरलं. हौसा येत नसलेल्या माणसालाही ते कळलं असतं. मला कळलं होतं. त्या दिवशी मला कळलं नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

पण माझं ऐका. आमच्या गावात कुंभारांची मातीची जागा होती, नदीकाठची, पिढ्यान्‌पिढ्यांची. गावात सगळ्यांना माहीत. सातबाऱ्यावर मात्र ती कुठेच नव्हती. मी नववीत असताना ती जागा एका बागायतदाराच्या नावानं निघाली. वडील तलाठ्याकडे गेले. तलाठी म्हणाला, “दाजी, कागदावर दाखवा की.” वडिलांना दाखवता आलं नाही. त्यानंतर ते शेजारच्या गावातून रेताड माती आणायचे आणि मडकी आव्यातच फुटायची. ती फुटलेली मडकी बघत मी मोठी झाले. नकाशे काढायला मी का शिकले, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगायची.

आणि माझ्या टेबलावर चौदा नंबरची शीट होती. पाईगोरो, ओढा, बोरूचं बेट. ओढ्यापलीकडे पेन्सिलीत काहीच नव्हतं, नुसती कोरी जागा. कोऱ्या जागेचं काय होतं ते मी शेडमध्ये रोज बघत होते. कुणाचा तरी साहेब यायचा, कोऱ्या जागेवर बोट ठेवायचा, आणि पुढच्या आठवड्यात तिथं सिमेंटची गोदामं उभी राहायची.

दोन दिवस मी ती शीट बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी पेन उचललं. बोरूच्या बेटात तुटक रेषेनं लंबगोल काढला आणि माझ्या सर्वांत सुबक अक्षरात आत इंग्रजीत लिहिलं, ‘उत्तम चिकणमाती’. मग वाटलं, एवढ्यानं कुणाला महत्त्व कळणार नाही. म्हणून खाली लिहिलं, ‘खोली सुमारे चार मीटर. खडे नाहीत.’ आणि त्याच्याखाली, ‘गावच्या कुंभारांच्या वापरात.’

संध्याकाळी यजमानांनी शीटवर सही केली. मी त्यांना काही बोलले नाही.

मार्चच्या शेवटी एका सकाळी दांजुमा शेडच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

“मादाम, जरा चला.”

“काय झालं?”

“चला.”

ओढ्याजवळ पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. बोरूचं बेट नव्हतं. पिवळी यंत्रं माती खरवडत होती आणि डंपर एकामागून एक भरून जात होते. दोन मैल वर ओढ्यावर मातीचं धरण बांधायला घेतलं होतं. राजधानी बांधायला हजारो मजूर येणार होते, त्यांना पाणी लागणार होतं. उन्हाळा संपायच्या आत धरणाचा गाभा भरून घ्यायचा होता. आणि मातीच्या धरणाच्या गाभ्यात काय भरतात, हे पाटबंधाऱ्यातल्या माणसाची बायको असून मला कधी सुचलं नव्हतं. पाणी झिरपू न देणारी चिकणमाती लागते. खडे नसलेली.

मुकादमाच्या हातात प्रिंट होती. मी ती मागितली. निळ्या रेषांमधून माझं अक्षर माझ्याकडे बघत होतं.

“छान शीट आहे,” मुकादम म्हणाला. “नाहीतर आम्हाला महिनाभर भोकं पाडत फिरावं लागलं असतं.”

“खाली लिहिलंय ते वाचलंत का? गावाच्या वापरात आहे म्हणून?”

“हो, वाचलं की. म्हणूनच खात्री पटली. वापरतात म्हणजे माती चांगलीच असणार.”

काठावर गावातल्या बायका उभ्या होत्या. वीसेक असतील. त्यांच्यापुढे लराबा जमिनीवर बसली होती. पुरुष मागे झाडाखाली. लराबानं मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” मी दांजुमाला विचारलं.

“विचारते, ही जागा यांना कुणी दाखवली.”

मी त्याच्याकडे वळले. हौसात एवढं बोलायची माझी ताकद नव्हती आणि धीरही नव्हता. मी इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. आईनं मला आणलं, आईनं नको म्हटलं, तरी मी लिहिलं, माझ्या वडिलांची माती कशी गेली होती, मला काय वाटलं होतं, सगळं. “हे तिला सांग. एकही शब्द गाळू नकोस. सगळ्यांसमोर सांग.”

दांजुमानं मान हलवली. आईपुढे गेला, गुडघे वाकवले, आणि बोलला. चार-पाच शब्द. फार तर सहा.

माझं सांगणं पाच मिनिटांचं होतं.

लराबा उठली आणि तिनं त्याच्या तोंडात मारली. तीस वर्षांच्या, सरकारी नोकरीतल्या मुलाला, गावासमोर. मग ती घराकडे निघाली, तिच्यामागून बायका गेल्या.

“तू काय सांगितलंस तिला?”

“मी दाखवली म्हणून सांगितलं. दुर्बिणीतून दिसली म्हणून.”

“का? दांजुमा, का? मी आत्ता जाऊन सांगते.”

“नका सांगू.” त्याचा गाल सुजायला लागला होता. “मादाम, मुलावर रागावलेली आई चार दिवसांनी जेवायला हाक मारते. तुमच्यावरचा राग ती कुठं ठेवेल? तुम्ही दोन महिन्यांनी विमानात बसाल. तो राग या गावातच राहील. आणि ओगांची नोकरी? गावानं तक्रार केली तर?”

ओगा म्हणजे साहेब, माझे यजमान. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यानं माझे पाय थांबले. करार संपायला दोन महिने होते. मी गप्प राहिले.

घरी आल्यावर यजमानांवर तोंड सोडलं. “बारा वर्षं धरणांवर काढलीत तुम्ही! सही करताना दिसलं नाही तुम्हाला?”

ते म्हणाले, “मी सही करताना उंचीच्या रेषा तपासतो गं. अक्षरं तुझी असली की वाचत नाही. ती बरोबरच असतात.”

खाच आठ दिवसांत रिकामी झाली. तळाशी तांबडा मुरूम लागला तेव्हा यंत्रं निघून गेली.

ते दोन महिने माझं काम धरणावरच्या शेडमध्ये होतं आणि मी रोज पाईगोरोवरून जायची. दुसरी वाट होती, पण मी तीच धरायची. बायका अंगणात असायच्या. “सन्नू, बातुरिया,” म्हणायच्या, म्हणजे नमस्कार. मीही “सन्नू” म्हणायची. अंडी घ्यायची, भेंडी घ्यायची. एकीचं मूल आजारी होतं, त्याला कॅम्पातली औषधं नेऊन दिली. आपलं गुपित झाकलेलं आहे, या सुखात आणि या लाजेत मी तिथून येत-जात होते. लराबाच्या अंगणात मात्र शिरले नाही.

मेमध्ये निघायच्या आदल्या सकाळी शिरले. वाटेत दांजुमा भेटला. “मी इथं थांबतो,” म्हणून आंब्याखाली बसला. त्याला वाटलं असेल, निरोप घ्यायला चाललेय. मी दोन शब्द पाठ करून आले होते. नी चे. म्हणजे, मीच ती.

लराबा अंगणात होती. शेवटचा साठवलेला गोळा ओल्या पानांत गुंडाळून ठेवलेला होता, त्यातलं चिमटीभर घेऊन ती एका जुन्या मडक्याची चीर लिंपत होती. मी तिच्यापुढे गुडघे टेकले.

“नी चे,” मी म्हणाले. “लराबा, माती... नी चे.”

तिचं बोट चिरेवरून फिरत राहिलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “केव्हापासून?”

“त्याच दिवसापासून. ती जागा पुरुषांना दाखवत नाहीत. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. माझ्या बापाला माहीत नव्हती. दांजुमाला कुठून असणार?” ती थोडी हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. “म्हणे दुर्बिणीतून दिसली.”

“मग त्याला मारलंस का?”

“खोटं बोलला म्हणून. आईसमोर.”

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या अंगणात एक बाई धान्य पाखडत होती. मघाशीच तिनं मला “सन्नू” म्हटलं होतं. पलीकडे ती आजारी मुलाची आई होती.

“ह्यांना?” मी विचारलं.

“बायकांना सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं मी कुणाला नेलं होतं ते मी घरी येऊन सांगितलं होतं. आनंदानं सांगितलं होतं.”

दोन महिने. रोज सकाळ-संध्याकाळ. वीस बायका.

“मग कुणी मला काही बोललं का नाही?”

लराबानं हात धुतले. धुतलेलं गढूळ पाणी फेकून न देता पुन्हा भांड्यात ओतलं.

“काय बोलायचं?” ती म्हणाली. “बोलून माती येते? आणि माझ्या मुलानं गावासमोर एवढं मोठं ओझं उचललं. आजवर दुसऱ्यांची साखळी ओढली त्यानं. ते ओझं त्याच्या खांद्यावरून मी का काढू? त्याला वाटतं, त्यानं आपल्याला वाचवलं. तुला आणि मला. वाटू दे.”

मी रडायला लागले. तिनं मला उठवलंही नाही, हाकललंही नाही. मी रडत असताना ती चीर लिंपत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “जा आता. ऊन चढेल.”

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. मागण्याइतके हौसा शब्द मला येत नव्हते, आणि आले असते तरी, आज इतक्या वर्षांनी वाटतं, ते मी वापरायला नको होते.

आता त्या जागी, म्हणतात, आठ पदरी रस्ता आहे. राजधानीचे फोटो नातू मला मोबाइलवर दाखवतो. धरणाचं पाणी कितीतरी लोक प्यायले असतील. पाईगोरो त्यात कुठे होतं ते मला ओळखता येत नाही. मी निवृत्त होईपर्यंत नकाशे काढले, पण रिकामी दिसणारी जागा आली की आधी पेन खाली ठेवायची आणि तिथं जाऊन यायची. आणि कुणी ओठांवर बोट ठेवलं, तर ती जागा कोरी ठेवायची.

त्या सकाळी आंब्याखाली दांजुमा उठून उभा राहिला. माझे डोळे सुजलेले त्याला दिसले असतील. आम्ही कॅम्पाच्या वाटेला लागलो. ओढ्याच्या कडेला आल्यावर न राहवून तो म्हणाला,

“मादाम, आई काय म्हणाली?”

त्याच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये आता मी दुभाषी होते.

“म्हणाली,” मी सांगितलं, “दांजुमाला म्हणावं, जेवायला वेळेवर येत जा.”

तो हसला, आणि माझी पिशवी त्यानं माझ्या हातातून घेतली.